चारशे रुपयांचे रिव्हॉल्व्हर

ती घटना आजही माझ्या मनातून गेलेली नाही, कारण त्या प्रकरणात मुद्देमाल हाती होता, खरेदीदार हाती होता, गुन्हा कबूल करणारा माणूसही हाती होता, आणि तरीही मला हिशेब लागत नव्हता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात इतवारी भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना आमचा एक खबऱ्या आला. त्याचा पानठेला होता. तो म्हणाला, "साहेब, समोरच्या भांडेवाल्या शेठनं काल पूजेत तराजूच्या बाजूले पिस्तूल मांडलं. हार घालून."

दसऱ्याला व्यापारी तराजूची पूजा करतात, यात नवल नव्हते. पिस्तुलाचे होते. हवालदार आणि दोन पंच घेऊन मी गेलो. पूजा अजून उचललेली नव्हती. पाटावर तराजू, मापे आणि शेजारी सहा गोळ्यांचे जुने विलायती रिव्हॉल्व्हर. शेठने ते लपवण्याचा काही प्रयत्न केला नाही.

हवालदार म्हणाला, "शेठजी, तांब्या-गडव्यासारखं मांडून ठेवलं हे?"

"जुनी चीज आहे साहेब, तिले काय लायसन लागते?" शेठ म्हणाला. "चारशेत घेतलं. भाव ऐकला तं तुम्हीही घेऊन टाकसान."

"अजून तरी पगारात बसत नाही," हवालदार म्हणाला.

मी नळीतून रुमालाचा बोळा फिरवला. तो पांढराच निघाला. चाप कडक होता, निळसर पॉलिश कुठेही झिजलेले नव्हते. बनावट चाळीसएक वर्षांपूर्वीची, पण हत्यार एकदाही चाललेले नसावे. परवान्यावर विकले असते तर पाच हजारांच्या खाली कोणी दिले नसते. शेठला वाटले, नशीब फळफळले. मला वाटले, माल चोरीचा आहे.

पंचनामा करून मुद्देमाल सील केला. शेठने विकणाऱ्याचे नाव लगेच सांगितले. तो सक्करदऱ्याच्या एका जुन्या मालगुजार, म्हणजे जमीनदार, घराण्याकडचा ड्रायव्हर होता. वय पंचावन्नच्या आसपास. घरचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि परवाना त्यांच्या नावावर होता. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर हत्यार ठाण्यात जमा व्हायला हवे होते, ते झाले नव्हते.

ड्रायव्हर ठाण्यात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "म्याच चोरलं साहेब. लिहून घ्या."

"काहून चोरलं?"

"पैशासाठी."

"मग पाच हजारांचा माल चारशेत काहून दिला?"

"मले भाव मालूम नव्हता."

मालकाबरोबर तो वीस वर्षे शिकारीला जात होता. त्याला भाव माहीत नाही, हे मला पटेना. तेवढ्यात मालकांचा मुलगा ठाण्यात येऊन धडकला. तिशीचा, अंगाने मजबूत, रागाने लाल झालेला. "माझ्या बापाची वस्तू आहे. याला सोडू नका. आमचं मीठ खाऊन चोरी करतो." ड्रायव्हरने मान वर केली नाही. गुन्हा सिद्ध झाला असता तर त्याला तुरुंग ठरलेला होता, आणि त्या वयात सुटून आल्यावर त्याला गाडीवर कोणी ठेवले नसते.

मुलगा गेल्यावर मी पंचांसमक्ष सील काढून रिव्हॉल्व्हर पुन्हा पाहिले. मुठीवरच्या नक्षीत हळद-कुंकू बसले होते. एका दसऱ्याचे नव्हे, थरावर थर. म्हणजे ते जुन्या घरातही दरवर्षी पूजेत मांडले जात होते. मात्र चापाभोवतीच्या कडीवर बोटभर रुंदीचा एक पट्टा अगदी स्वच्छ होता. तिथे कुंकवाचा कणही नव्हता.

मी ड्रायव्हरला जवळ बोलावले. "इथं काय बांधलं होतं?"

"नाडा, साहेब. लाल नाडा. लग्न होऊन आल्या तवाच मोठ्या बाईनं बांधला होता. मालकाले म्हणे, तुमच्या बंदुका तुमच्यापाशी, पण हे माणसावर चालवाची चीज आहे, हे सुटाचं नाही. मालकानं कधी सोडला नाही."

"घट्ट असेल."

"लय घट्ट. सोडता सोडता मोठ्या बाईचं नख..."

तो थांबला. म्हणजे नाडा मोठ्या बाईंनी, मालकांच्या पत्नीने, स्वतः सोडला होता.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत सक्करदऱ्याला गेलो. मुलगा तारखेसाठी कोर्टात गेला होता. मोठ्या बाईंनी मला बसायला सांगितले आणि काही न विचारताच बोलायला लागल्या.

"माहा पोरगा आन् त्याचा चुलतभाऊ जमिनीसाठी भांडून राहिले. दसऱ्याच्या आधी एक दिवस पोरगा भांडून घरी आला तं हे ठेवलेल्या कपाटाची चाबी मांगे. म्या देल्ली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरले म्हटलं, जो भाव येईन त्या भावानं दे, पण संध्याकाळच्या आत हे घरातून गेलं पाहिजे."

"मग काल ड्रायव्हरला पकडलं तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

"ड्रायव्हरनंच मना केलं. म्हणे, लहान्या मालकाले समजलं का आईले आपलंच भेव वाटते, तं तो घर सोडून जाईन."

मी त्यांना समजावले की जबाब दिल्याशिवाय एक निरपराध माणूस सुटणार नाही. संध्याकाळी त्या स्वतः ठाण्यात आल्या आणि मुलासमोरच जबाब दिला. आई खुर्चीवरून उठायला लागली तेव्हा त्याने हात दिला.

चोरी झालीच नव्हती. विनापरवाना हत्यारासाठी खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मी खरे ते सगळे अहवालात लिहिले आणि त्यांनी परवानगी नाकारली. रिव्हॉल्व्हर सरकारजमा झाले. शेठला सक्त ताकीद मिळाली, आणि बाईंनी त्याचे पैसे परत केले.

ड्रायव्हरला सोडताना मी विचारले, "जेल झाली असती तर काय केलं असतंस?"

"दोन-तीन सालात सुटलो असतो न साहेब. लहान्या मालकानं ते चालवलं असतं, तं तो कवा सुटला असता?"

बाहेर मुलगा गाडी घेऊन उभा होता. त्याने ड्रायव्हरला शेजारी बसवले आणि गाडी स्वतः चालवत नेली. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही चुलतभावांनी कोर्टात तडजोड केल्याचे कळले.

चोरी, मारामारी, खून अशी असंख्य प्रकरणे मी पुढे हाताळली. समोरचा आरोपी पटकन कबूल झाला की आमच्या खात्यात सगळ्यांना हायसे वाटते. मला तेव्हापासून वाटेनासे झाले. माणूस स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलतो, हे नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळते. तो दुसऱ्याला वाचवण्यासाठीही तितक्याच तयारीने खोटे बोलतो, हे मला त्या ड्रायव्हरमुळे कळले, आणि त्यानंतर कोठडीतल्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ पाहू लागलो.