वहिनी पडते ते दृश्य

तार शाळेत आली. मी चौथीच्या मुलांना शुद्धलेखन सांगत होते. शिपायानं दारातूनच कागद पुढे केला. वहिनी गेली, लगेच ये. नागपूरहून गाडीनं भिलाईला पोचेपर्यंत दादा तिला पोचवून खुर्सीपारच्या घरी परतला होता, ओल्या धोतरानं मुलीशेजारी ओट्यावर बसला होता. "काविळीनं नेलं," एवढंच बोलला. आज पाच आठवडे झाले. लोक विचारतात, रडलीस का? नाही रडले. मला राग आलाय, आणि ज्यांच्यावर आलाय त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी वहिनी देवका, भंडाऱ्याकडची. कारखाना उभा राहत होता तेव्हा दादा आणि ती मजुरीला इकडे आले, आणि मला शिकवायला सोबत घेऊन आले. दादा लोखंड बांधायचा, ती डोक्यावर घमेलं घेऊन काँक्रीट चढवायची. भरलं घमेलं घेऊन फळ्यांच्या उतारावर चढताना वहिनी दोन्ही हात मोकळे सोडून मागच्या बाईशी भांडत असे. त्या चालीवरच मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकाची नजर गेली. मजुरांच्या कष्टांवर तो सिनेमा काढत होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. आदरानं ते पुष्कळ ठिकाणी छापून आलंय.

त्याला बाई अडखळून पडायला हवी होती. वहिनीनं तीनदा पडून दाखवलं. त्याला ते खोटं वाटलं. चौथ्या वेळी वरची फळी सैल करून ठेवली होती, तिला न सांगता. दीड पुरुष उंचीवरून ती गिट्टीवर आली. मी तिथेच उभी होते... ती ओरडत होती आणि तो एक हात वर करून सगळ्यांना थांबवत होता, मध्ये कुणी येऊ नका म्हणून. कॅमेरा थांबल्यावर त्यानं टाळी वाजवली, मग दादाला तिच्याजवळ जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मदतनीस दवाखान्यात आला आणि रडत रडत फळीचं सगळं सांगून गेला. तोवर दिग्दर्शक रिळं घेऊन गाडीत बसला होता. मागे राहिलेल्या त्याच्या माणसांनी दादाला सांगितलं, अपघात आहे, होतो. मांडीचं हाड वाकडं जुळलं. डावा पाय चार बोटं आखूड झाला आणि वहिनीचं घमेलं सुटलं ते कायमचं.

दोन वर्षांनी तो सिनेमा आमच्याकडच्या तंबूत लागला. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, मासिकं वाचत होते, सिनेमाचं कौतुक वाचून हुरळले होते. वहिनी नको म्हणत असताना मीच तिला रिक्षात घालून नेलं. ते दृश्य आलं. घमेलं डोक्यावरून सुटलं, पदर उडाला, तोंड उघडलं... आणि आवाजच नाही. तिची किंकाळी काढून तिथे बासरी घातली होती. तंबूत बायका हुंदके देत होत्या, मागून कुणी टाळ्या सुरू केल्या. वहिनीनं माझं मनगट धरलं. "माहा आवाज कुठी गेला वो, कुसुम?"

घरी येताना मी तिला काय सांगावं? मी म्हणाले, वहिनी, त्या माणसाचं पाप वेगळं आणि सिनेमा वेगळा. सिनेमा चांगलाच आहे. दारात उतरल्यावर ती भिंतीला हात टेकून थांबली. "वेगळं करता येते तं कर ना," ती म्हणाली. "मले त्यातून काढ. मंग पाह्य, किती चांगला रायते तं."   त्या दिवशी मी ते ‘सिनेमा वेगळा’चं वाक्य बोलले होते, आणि त्याची लाज माझी मला पुरते.

पुढे लोक पाहुण्यांना घेऊन दारात येत. "यही है वो सिनेमावाली!" वहिनी शिवणावरून मान वर न करता सांगायची, "मैंने काम नहीं किया, साब. मैं गिरी थी." पाहुणे हसायचे. बाई किती साधी, म्हणायचे.

वहिनी गेल्यावरच्या शोकसभेतही तेच. सिनेमाच्या हौशी मंडळाचा एक तरुण इंजिनीअर उठला. चांगला मुलगा, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, देवकाबाई त्या दृश्यात अमर आहेत. रविवारी श्रद्धांजली म्हणून आम्ही तो सिनेमा दाखवणार आहोत. मी उभी राहिले. "ती तिथे काम करत नाहीये," मी ओरडलेच. "तिला पाडलंय. तुम्ही तो दाखवाल तितक्या वेळा ती पडणार, आणि तुम्ही टाळ्या वाजवणार!" तो मऊ आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण माणूस आणि कलाकृती यांची गल्लत करू नये." माझंच वाक्य, जरा इस्त्री केलेलं. दादानं माझा हात ओढून मला खाली बसवलं.

रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला. दादासाठी पुढची खुर्ची राखून ठेवली होती. तो गेला नाही. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. चहाचा डबा सापडेना. फळी शोधली, फळी नाही. समोर नुसती पांढरी भिंत. मग चुलीपुढच्या तिच्या पाटावर बसले, आणि सगळं दिसलं. चहा, साखर, काडेपेटी, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकलेल्या खिळ्यांना टांगलेल्या पळ्या, हाताशी छोटा आरसा, कुंकवाची डबी. उभ्या माणसासाठी त्या खोलीत काहीच नव्हतं. मी नागपूरला गेल्यावर त्यांनी घेतलेल्या या घरात मी पाहुणीसारखी कितीदा जेवले, आणि हे मला दिसलं नव्हतं.

दादा दारात येऊन उभा राहिला. "पोरगी मले म्हणून राहिली, आता फळ्या वर घेऊ," तो म्हणाला. "मी म्हटलं, नको."

मी बसूनच चहा केला.