आमच्या साडूंची काउंटी

अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या काउंटीत कोण कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाचा बांध कोरला आणि पुढच्या निवडणुकीत शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, कोण होणार, हे तिथल्या शेरीफपेक्षा दुबईच्या देरा भागात राहणाऱ्या माझ्या साडूंना जास्त ठाऊक होतं, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. फरक एवढाच की जमीन जिल्ह्याएवढी आणि माणसं मात्र आमच्या दुबई मरीनातल्या टॉवरमध्ये सकाळी लिफ्टसमोर ताटकळत असतात तेवढी. मका, गाई, वारा आणि त्यात इकडेतिकडे सांडलेले म्हातारे, असा एकूण प्रकार. साडूंनी ही काउंटी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. मुळात अमेरिकाच पाहिली नव्हती. पण त्यांच्यासमोर तिच्याविषयी वेडंवाकडं बोलायची आमची छाती नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मूळचे कोकणातले. दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामात मालाची आवक-जावक बघायची, पहाटे कंपनीच्या बसने जायचं आणि दिवे लागल्यावर देऱ्यात परत यायचं, यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. ताई, म्हणजे त्यांची बायको, ज्या वर्षी गेली, त्याच वर्षी त्यांची एकुलती एक डॉक्टर लेक त्या काउंटीतल्या लहानशा इस्पितळात नोकरीला लागली. असल्या ठिकाणी जायला अमेरिकन डॉक्टर राजी नसतात. म्हणून बाहेरून आलेल्या डॉक्टरला, तिथे नोकरी करशील तोवर अमेरिकेत राहा, अशा बोलीवर परवानगी मिळते. म्हणजे इस्पितळ आहे तोवर लेक आहे. भाऊजींनी एवढं एकच मनात पक्कं धरलं, आणि ते इस्पितळ ज्या काउंटीच्या पैशावर चालत होतं ती काउंटीच अंगावर घेतली.

तिथला कारभार निवडून आलेली तीन माणसं बघतात आणि त्यांची सभा इंटरनेटवर कोणालाही दिसते. कोणालाही म्हणजे प्रत्यक्षात भाऊजींनाच, कारण बघणाऱ्यांच्या आकड्यात बऱ्याचदा एकच माणूस दिसायचा. सभा तिथल्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी. त्या वेळी भाऊजी बसमध्ये असत. कानात वायर घालून ते रस्त्यांची खडी, पुलाची डागडुजी, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त असं सगळं ऐकत आणि मधूनच मोठ्याने ‘चूक, साफ चूक’ म्हणत. शेजारच्या सीटवरचा केरळचा सुपरवायझर सुरुवातीला घाबरून जागा बदलायचा. पुढे तोही इतका गुंतला की एकदा मला बसथांब्यावर भेटला तेव्हा सलाम वगैरे राहिलं बाजूला, आधी म्हणाला, ‘भाई, वो ब्रिज का टेंडर पास हुआ क्या?’

लोकसंख्या हा भाऊजींचा जिव्हाळ्याचा विषय. सरकारची जनगणना दहा वर्षांनी होते, भाऊजींची रोज होत होती. तिथल्या साप्ताहिकातलं निधनवार्तांचं पान आधी वाचायचं, मग बाकीचा पेपर. लेकीच्या हातून बाळंतपण झालं की आम्हाला फोन, ‘आज एक वाढला.’ आवाजात असा उत्साह की नातूच झाला म्हणावं. पण असे फोन क्वचित. एरवी वजाबाकीच चालायची. एका संकष्टीला ते आमच्याकडे जेवायला आले होते. बायकोने मोदक वाढायला घेतला तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. ‘मला नको गं. पोस्टातल्या आजी गेल्या.’ कोणत्या पोस्टातल्या, हे कळायला आम्हाला मिनिटभर लागलं. ‘एकट्या होत्या. मुलगा दूर, विमानाने यायचा,’ एवढं म्हणून ते वरण-भातावर उठले. आम्ही नंतर हसलो, पण त्यांच्यासमोर हसलो नाही.

‘आमच्या गावात आणि यांच्यात काही फरक नाही,’ ते म्हणायचे. ‘तिथे पण पोरं बारावी झाली की बाहेर. शाळेत एका बाकावर दोन यत्ता. घरांना कुलपं. फक्त आमच्याकडे कुलपावर माकडं बसतात, यांच्याकडे बर्फ.’ त्यांच्या गावची पंचायत त्यांच्या वडिलांनी चालवली होती. भाऊजींनी स्वतः मात्र जन्मात मत दिलं नव्हतं. निवडणूक आली की हे नेमके गोदामात, आणि इथे तर आपल्याला मत कोण विचारतो? त्यामुळे मुरलेलं सगळं राजकारण आत साचून राहिलं होतं, ते त्या काउंटीवर ओतलं गेलं. तिघा कारभाऱ्यांची त्यांनी बारशी उरकली. म्हातारा शेतकरी तो अण्णा. निवृत्त शिक्षक तो तात्या. विम्याची कामं करणाऱ्या, कराचं नाव काढलं की ओठ आवळून बसणाऱ्या बाई त्या काकू. तिथे जर्मन आडनावाची माणसं, स्वीडिश आडनावाची माणसं, त्यांची चर्च वेगवेगळी, सोयरिकी मात्र एकमेकांत. भाऊजींनी यातली भावकी अशी लावून ठेवली होती की कोणाच्या आजोळचा वाद कोणाच्या मतात उतरेल, ते बसल्या जागी सांगत. लेक कंटाळून म्हणायची, ‘बाबा, दे डोन्ट थिंक लाइक दॅट हिअर.’ त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. ‘माणूस आहे ना? मग थिंक तसंच करतो.’

आणि एका दिवाळीच्या सुमारास तो ठराव आला. इस्पितळ तोट्यात होतं. काउंटीने आणखी पैसे घातले तर चालणार, नाहीतर कुलूप. म्हणजे लेकीच्या नोकरीला कुलूप, आणि नोकरी गेली की अमेरिकेतल्या मुक्कामालाही. भाऊजी जेवेनासे झाले. मग एके दिवशी आमच्याकडे आले ते खुलूनच. ‘हिशेब लावलाय. काकू ऑपोझिशन, ते धरूनच चाला. तात्या आपला. अण्णा तर आपलाच, त्याच्या बायकोचं बीपी आपली पोरगी बघते. टू-वन. खलास.’ मग बायकोकडे वळून म्हणाले, ‘फक्त बेसनाचे लाडू कर थोडे. ताईच्या पद्धतीचे. दिवाळी आहे.’

लेकीसाठी असतील असं समजून बायकोने जीव ओतून लाडू केले. भाऊजींनी ते डब्यात भरले, सोबत उत्तम खजुराची पेटी ठेवली, आणि कुरियरवाल्याला अण्णाच्या घरचा पत्ता दिला. लेकीला बोलले नाहीत. आम्हाला कळलं ते पार्सल गेल्यावर. मी म्हटलं, ‘अहो, मत तर तो देणारच होता ना?’ भाऊजींनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. ‘तुम्ही शहरातले. विरोधकाच्या दारात कोणी जात नाही. जायचं ते आपल्या माणसाकडे. त्याला गृहीत धरलं असं वाटलं की तो फिरतो. माझ्या वडिलांनी मतदानाच्या आधी कायम आपल्याच माणसांची तोंडं गोड केली, आणि कायम जिंकले.’ बायकोने भीत भीत विचारलं, ‘पण भाऊजी, तिकडे चालतं का असं?’ ‘बेसन आहे ते,’ भाऊजी म्हणाले. ‘लाच नाही.’

ठरावाची सभा त्यांनी आमच्याकडे, मोठ्या टीव्हीवर बघायची ठरवली. गोदामात रजा टाकली, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. आमचा मुलगा सोफ्यावरून म्हणाला, ‘काका, इज धिस सम काइंड ऑफ शो?’ ‘शो नाही रे राजा, बोर्ड आहे,’ म्हणत ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची घेऊन बसले. पडद्यावर अण्णा, तात्या, काकू एका लांब टेबलामागे. समोरच्या खुर्च्यांमध्ये कडेला आमची भाचीही दिसली, कोट अंगावरच, हात मांडीवर. तिला पाहून बायकोने डोळ्यांना पदर लावला. लोक बोलले. एक बाई म्हणाली, हे इस्पितळ नसतं तर माझं मूल वाटेत गाडीत झालं असतं. भाऊजी मान डोलावत होते.

मतदानाआधी अण्णाने घसा साफ केला. म्हणाला, मला काही सांगायचंय. डॉक्टरांच्या वडिलांकडून माझ्या घरी दुबईहून पार्सल आलं. आत मिठाई होती. बायकोने उघडली आणि आम्ही दोघांनी खाल्ली, फार चांगली होती. पण आज ज्या इस्पितळाला पैसे द्यायचे त्याच इस्पितळातल्या डॉक्टरच्या घरचं मी खाल्लंय. तेव्हा या ठरावावर मी मत देणं बरं नाही. मी बाजूला होतो.

एवढं बोलून तो खरंच उठला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसला. तात्या बाजूने, काकू विरोधात. बरोबरी झाली की ठराव पडतो हा नियम भाऊजींना पाठ होता. भाचीने एकदा वर, कॅमेऱ्याच्या दिशेने पाहिलं. तिला माहीत होतं कोण बघतंय ते. मी टीव्ही बंद केला. भाऊजी तसेच बंद पडद्यासमोर बसून राहिले. म्हणाले, ‘माणूस सरळ निघाला. हे मी धरलंच नव्हतं.’ मी इतकी वर्षं भाऊजींची थट्टा केली, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ‘बाबा, इट वॉज गोइंग टू क्लोज एनीवे,’ ती फोनवर म्हणाली. ‘या वर्षी नाही तर पुढच्या. पेशंटच उरले नाहीत ना.’ हे खरं होतं, आणि ते तिच्यापेक्षा भाऊजींना जास्त माहीत होतं. रोजची वजाबाकी तर तेच करत होते. पण व्हायचं ते आपल्या हाताने झालं, हे काही त्यांच्या मनातून जाईना. इस्पितळाला कुलूप लागलं. वकिलांच्या पायऱ्या झिजवल्यावर लेकीला ह्यूस्टनच्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. मुक्काम वाचला. आम्हाला हायसं वाटलं, आणि भाऊजींनाही वाटलं असेल असं आम्ही धरून चाललो.

पण लेकीचे रविवारचे फोन आटले. ताई होती तोवर भाऊजी फोनवर ‘जेवलीस का?’ विचारत आणि लगेच ‘थांब, आईकडे देतो’ म्हणत. ताई गेल्यावर फोन द्यायला कोणी राहिलं नाही, आणि नेमकी तेव्हा ती काउंटी आयती मिळाली होती. कोण गेलं, कोण जन्मलं, काकू काय म्हणाल्या, यावर बापलेकीचा तास तास जायचा. ह्यूस्टनचं काय बोलायचं? ‘एवढ्या माणसांत आपलं कोण, कसं कळायचं?’ भाऊजी मला म्हणाले. ‘जेवलीस का’ झालं, ‘हवा कशी’ झालं, की दोघंही गप्प. कोणी आधी फोन ठेवायचा एवढाच प्रश्न उरायचा.

अशाच एका गप्पपणात लेकीने विचारलं, ‘बाबा, तुम्ही जबल अलीला आणि मी स्कूलला गेल्यावर आई दिवसभर काय करायची?’

भाऊजींना सांगता येईना. तिला म्हणाले, ‘विचारून सांगतो.’ आणि दुसऱ्या दिवशी कामावरून घरी न जाता मेट्रो पकडून आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले. माझ्या बायकोसमोर बसून, शेरीफची निवडणूक समजून घ्यावी तितक्या गंभीरपणे विचारू लागले. ताई दुपारी झोपायची का? खाली उतरायची का? मैत्रिणी होत्या का कोणी? बायकोने सांगितलं की ताई रोज खाडीपर्यंत चालत जायची, लाकडी गलबतांत माल चढताना बघत उभी राहायची आणि माझ्या बायकोला फोन करून कोणत्या गलबतात काय भरलं ते सांगायची. खालच्या मजल्यावरच्या सिंधी म्हातारीकडून लोणचं शिकली होती. कधीकधी नुसतीच रडायची. ‘रडायची?’ भाऊजींनी विचारलं.

तेव्हापासून ते दर शनिवारी येतात. ऐकलेलं रविवारी लेकीला सांगतात, म्हणे आता पुन्हा तास जातो. बायको आठवून आठवून सांगते, तीही आता दमली आहे. परवा ती म्हणाली, ‘भाऊजी, होतं ते सगळं सांगून झालं. आता आणखी काय सांगू?’

भाऊजी जागचे हलले नाहीत. ‘काहीही सांग,’ ते म्हणाले. ‘मला काहीच माहीत नाही.’