मैदानाबाहेरून केलेला गोल

फुटबॉलच्या एका कपाच्या सामन्यात मी निर्णायक गोल केलेला आहे. त्या वेळी मी मैदानाबाहेर उभा होतो, अंगात मामांचा कोट होता आणि काखेत पाण्याची कळशी होती. गोल आमच्याच संघावर झाला, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

गोष्ट पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची, कुंभकोणमची. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि रोज संध्याकाळी विठ्ठल. वडील, म्हणजे अप्पा, आळीतल्या पोरांना भजन शिकवत. पोरं होती बरोबर अकरा. त्यांत माझा चौदा वर्षांचा भाऊ पांडू सगळ्यांत पुढे.

अकरा! हा आकडा माझ्या डोक्यात शिरला आणि घोटाळ्याला सुरुवात झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, वकिलाच्या कचेरीत कारकून. कॉलेजात असताना मी फुटबॉल संघाचा बारावा खेळाडू होतो. (दोन वर्षांत मैदानात एकदाच उतरलो, तेही कुत्रं हाकलायला!) पण बाहेर बसणाऱ्याला खेळ जास्त कळतो, अशी माझी खात्री होती. अजूनही आहे.

"अप्पा, हीं पोरं मला द्या," मी म्हटलं. "फुटबॉल शिकवतों."

"आणि भजन?"

"सकाळीं करा कीं."

"कां? तुझा पंदु सकाळीं उडत नाहीं?" (पंदु म्हणजे चेंडू. शब्द तमिळ, आमच्या मराठीत असे बरेच पाहुणे कायमचे राहिलेले होते.)

शेवटी निवाडा आईने दिला. "सहा महिने तूं शिकव. मग वकिलांच्या कपाचा सामना आहे. हरला नाहींस तर संध्याकाळ तुझी. हरलास तर पोरं यांचीं, आणि तूंही टाळ घेऊन भजनास बसायचें!"

हे शेवटचं कलम भयंकर होतं. मला गाता येत नाही, आणि माझ्या हातात टाळ आला की तालाला घरातून बाहेर पडावं लागतं. पण मी हरणारच नव्हतो, मग घाबरायचं कशाला?

उन्हाळ्यात कावेरी कोरडी पडली की वाळवंटात हवं तेवढं मैदान. बांबूचे गोल उभारले, पोरांना अनवाणी पळवलं. पहिल्या दिवशी चेंडू जाईल तिकडे अकराच्या अकरा धावली, जणू देवळात सुंडलाचा प्रसाद वाटतंय! मग मी जागा ठरवून दिल्या. तर आता कोणीच धावेना. चेंडू शेजारून गेला तरी जो तो आपल्या जागेचा मान राखून उभा.

"अस्के एकदम!" मी ओरडायचो. "सगळ्यांनीं एका मनानें हलायचें! अस्के एकदम!"

हा माझा मंत्र. (अस्के म्हणजे सगळे.) सहा महिने मी तो इतका जपला, की आळीतली म्हातारी माणसं मला वाटेत पाहून 'अस्के एकदम आला' म्हणायची. पोरं मात्र कधीच एकदम हलली नाहीत. एक पुढे गेला की दुसरा काटा काढायला बसे. तरी हळूहळू त्यांच्या पायांत चेंडू रुळला. आणि पांडू! मी त्याला गोलात उभं केलं आणि कमाल झाली. चेंडू आला की त्याच्या हातांना चिकटायचा.

"टाळ धरणारे हात आहेत," अप्पा म्हणाले.

"तालीम माझी आहे," मी म्हटलं.

धोका एकच होता: अप्पांचा आवाज. एकदा ते काठावरून सहज गुणगुणत गेले, तर माझे तीन खेळाडू भर खेळात टाळ्या वाजवायला लागले. शिवाय भजनाचा शेवट मी घरी वर्षानुवर्षं पाहिलेला होता. अप्पांनी 'नमः पार्वती पतये!' म्हटलं, की 'हर हर महादेव!' म्हणत सगळ्यांचे हात आपोआप वर जायचे. स्वयंपाकघरातून आईचेसुद्धा, डावासकट! आमच्या भिंतीवरचे सांबाराचे डाग कोणत्या वर्षाचे आहेत ते आता सांगता येणार नाही.

म्हणून सामन्याच्या दिवशी मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, "यायचें असेल तर या. पण तोंडांतून एक अक्षर नक्को."

"सरि, तसेंच," अप्पा म्हणाले. त्यांनी चार पानांचा विडा तोंडात कोंबला आणि साक्कोट्टैच्या मैदानावर जाऊन मुकाट बसले. आपल्या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं.

समोर रेल्वे वसाहतीतला संघ. आमच्या पोरांपेक्षा वीतभर उंच, दोघांना तर मिशा! पण माझी पोरं खेळली हो. पहिला गोल त्यांचा झाला, दुसरा आमचा. एक-एक! बरोबरी टिकली तरी कप सहा-सहा महिने दोघांकडे राहणार होता, आणि आईचं कलम नीट वाचलं तर 'हरला नाहींस' एवढंच होतं. (कचेरीतली नोकरी वाया जात नाही.) मी ओरडलो, "अस्के मागें! अस्के एकदम!" नेहमीप्रमाणे चार मागे आले, तीन पुढे गेले.

पंचांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मिशीवाल्यांपैकी एकाने तोफ डागावी तसा चेंडू मारला. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा पांडू गोलाच्या रेषेवर उभा होता आणि चेंडू त्याच्या दोन्ही हातांत होता!

वाचलो! संध्याकाळ माझी झाली! देवाचे आभार कसे मानावे ते सुचेना, म्हणून लहानपणापासून जे येत होतं तेच तोंडातून निघालं, आणि तेही पोटाच्या मुळापासून:

"नमः पार्वती पतये!"

"हर हर महादेव!"

अकरा तोंडं, बावीस हात. सगळे एकाच क्षणी वर! प्रेक्षकांचेही वर, पंचांचेही वर, समोरच्या सात-आठ जणांचेही वर. पण त्यांच्या हातांत चेंडू नव्हता. पांडूच्या होता. तो डोक्यावरून मागे उडाला, रेषेपलीकडे टप्पा घेतला आणि एका बकरीपाशी जाऊन थांबला.

पंचांनी हात खाली घेतले आणि शिट्टी वाजवली. गोल!

मी कळशीसकट मैदानात धावलो. "सार, हा गोल कसा? देवाचं नाव चाललं होतं!"

पंच शांतपणे तमिळमध्ये म्हणाले, "देवाचं नाव चालू असताना खेळ थांबवायचा, असा नियम नाही. तसा असता तर कुंभकोणमात आजवर एकही सामना संपला नसता."

पांडू रेषेवर बसून हुंदके देत होता. मला फार वाईट वाटलं. पोरगं सहा महिने माझ्यासाठी वाळूत लोळलं होतं आणि मी एका ओळीत त्याला बुडवलं. मी त्याला जवळ घेतलं.

"अण्णा," तो रडत म्हणाला, "मीं मुद्दाम नाहीं केलें. तुम्हींच म्हटलां, हात आपेंआप गेले."

अप्पा सावकाश आले. बाजूला जाऊन विडा थुंकून टाकला. मला वाटलं, आता शब्दांचा मार बसणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सहा महिने 'अस्के एकदम' म्हणत होतास," ते म्हणाले. "आज जालें रे!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टाळ घेऊन मागच्या रांगेत बसलो. पोरं पुढे, त्यांचे टाळ कसे एका हाताने वाजावे तसे वाजत होते. माझा तेवढा मध्येच, परक्या माणसासारखा. शेवटी अप्पांनी 'नमः पार्वती पतये!' म्हटलं. सगळे हात वर गेले. माझे गेले नाहीत. कालच्या धसक्याने मांडीवरच घट्ट धरून ठेवले होते.

पांडूने मागे वळून पाहिलं. डोळे अजून सुजलेले, पण ओठांवर हसू.

"अण्णा," तो म्हणाला, "अस्के एकदम!"

मी हात वर केले. सगळ्यांचे खाली आल्यावर. अप्पांनी पोरांना सांगितलं, त्याला हसूं नका, नवा आहे. तेव्हापासून मी त्या संघातही बारावाच आहे.