वर्खाच्या दोन पट्ट्या

युद्ध संपून वर्ष झालं होतं आणि नगरात जो तो अणूवर बोलत होता. अणू म्हणजे काय, असं विचारलं की मात्र सगळे विषय बदलायचे. मला ते ठाऊक होतं. पुण्याला मावशीकडे राहून मी इंटर सायन्स झाले होते. बी.एस्सी.ला जायचं, अणुगर्भ शिकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडिलांच्या डोक्यात माझं लग्न होतं.

बघायला आले ते पदार्थविज्ञानाचे नवे लेक्चरर. आईनं माझं विणकाम, भरतकाम मांडून ठेवलं आणि शेजारी माझी बरणी. "हे पण तिनंच केलंय हो." लोणच्याची काचेची बरणी, तोंडाला वितळवलेल्या गंधकाचं बूच, त्यातून खाली उतरलेली तांब्याची तार आणि तारेच्या टोकाला, मिठाईवर लावतात त्या चांदीच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. तारेला विजेचा भार दिला की पट्ट्या फाकतात. रेडियमसारखं काही जवळ आणलं की बरणीतल्या हवेतून तो भार निघून जातो आणि पट्ट्या मिटतात.

"दाखवा की," मुलगा म्हणाला. फणी केसांवर घासायची सोय नव्हती. कार्यक्रमासाठी म्हणून आईनं डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं. मी काचेची कांडी रेशमी लुगड्याच्या पदरावर घासली आणि तारेला लावली. पट्ट्या फाकल्या. मुलाच्या मनगटावर भिंगारच्या छावणीतल्या लिलावातलं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ होतं. ते मागून घेऊन मी बरणीला टेकवलं. पट्ट्या हळूहळू मिटत गेल्या.

"आकड्यांना रेडियम लावलेलं असतं. त्यातून निघणारे अल्फा कण हे करतात," ते सगळ्यांना समजावू लागले.

"अल्फाला साधा कागद अडवतो," मी म्हटलं. "इथं घड्याळाची काच, वर बरणीची काच. हे काम मुख्यतः गॅमा किरणांचं."

वडिलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. मुलगा मात्र हसला. "हुशार आहे. लग्नानंतर बी.एस्सी. करू देऊ." त्या एका वाक्यासाठी मी होकार दिला.

लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये, कॉलेजात नाव घालायच्या वेळी, सासूबाईंचं दुखणं निघालं. दुसऱ्या जूनमध्ये मला दिवस गेलेले होते. तिसऱ्या जूनला हे म्हणाले, "आता काय करायचंय शिकून?" बरणी तेवढी कॉलेजात गेली. वर्ख फाटला की ती घरी यायची आणि मी नवा लावून द्यायची. संतापानं हात थरथरला तर वर्ख फाटतो, म्हणून संताप गिळून लावायची.

एका दुपारी बी.एस्सी.ची काही मुलं घरी आली. मी आत चहा गाळत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अल्फाला साधा कागद अडवतो. इथं घड्याळाची काच, वर बरणीची काच." माझा एक शब्दसुद्धा बदलला नव्हता. मुलं लिहून घेत होती.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ह्यांनी बरणी उचलून दाखवली. "ही हिनं केली बरं का. हातात कला आहे हिच्या." आईनं विणकामाशेजारी मांडली होती, तशीच.

एका मुलानं अदबीनं विचारलं, "वहिनी, आत नेमकं काय होतं, ते तुम्हालाही माहीत असेल ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हे बशीत चहा ओतत होते.

"सरांना विचारा," मी म्हटलं. "मी फक्त वर्ख लावते."

ह्यांना तो विनय वाटला.