लेक नागपूरला, मी डमडमला

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा लेक पहिलीत होती. मी सर्जन होते, पण पदवीपुरती. तिच्या जन्मानंतर सुटलेली सर्जरी पुन्हा हाती लागली नव्हती. बालीगंजच्या एका नर्सिंग होममध्ये मी ओपीडी बघायचे, जखमा बांधायचे, दुसऱ्यांनी घातलेले टाके काढायचे. वरच्या मजल्यावर ऑपरेशन चालू असलं की माझं खालच्या पेशंटकडे लक्ष राहायचं नाही. भूक लागावी तसं व्हायचं. घरी लेकीच्या फ्रॉकची नाडीसुद्धा मी सर्जन बांधतात तशी बांधायचे. ती कुरकुरायची, "आई, ही सुटतच नाही गं!"

तिथेच स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करायला एक ज्येष्ठ डॉक्टर यायच्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. लेक पाचवीत असताना एकदा त्यांची मदतनीस आली नाही, म्हणून मला उभं केलं. ऑपरेशन संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू ओपीडीत काय करतेस?"

"मधे खंड पडला, दीदी. आता कोण घेणार मला?"

त्यांच्या कॅन्सर हॉस्पिटलात एका ट्रस्टच्या मदतीने स्त्री-सर्जनांसाठी दोन वर्षांची फेलोशिप होती. घरामुळे, मुलांमुळे मागे राहिलेल्यांसाठीच. मानधन मिळे, शिवाय मूल सांभाळायला बाई ठेवायचा खर्चही. "माझ्या वेळी असं काही असतं तर…" दीदी म्हणाल्या.

मुलाखतीत मुलीबद्दल कुणी काही विचारलंच नाही. मी उत्तरं पाठ करून गेले होते.

पहिलं वर्ष हात पुन्हा वळणावर आणण्यात गेलं. ते संपत आलं आणि नवऱ्याची नागपूरला बदली झाली.

"मी सोडते," मी म्हणाले.

"अजिबात नाही. आजवर माझ्या बदल्यांमागे तू फिरलीस. हे वर्ष तू थांब. लेकीला मी नेतो."

बालीगंजचा फ्लॅट बँकेचा होता, तो गेला. मी डमडमला मेट्रोजवळ एक खोली घेतली. रोज संध्याकाळी लेकीशी व्हिडिओ कॉल. कोलकात्यात वाढल्यामुळे तिच्या मराठीत बंगाली शब्द असायचे. "आई, मी खूब थकले," म्हणायची. नागपुरात काही महिन्यांतच ते गेलं. "काय करून राहिलीस?" असं विचारू लागली, आणि मला तिचं ते 'खूब' हवंसं वाटू लागलं. फोन ठेवला की खोलीत मराठी उरायची नाही.

त्या हिवाळ्यात बराकपूरहून एक बाई आली. साधारण माझ्याच वयाची. छातीतली गाठ तिने बरेच महिने लपवली होती. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटत होती. माझा हात धरून तिने विचारलं, "तुमिई कोरबे तो?" तूच करशील ना?

मी दीदींकडे पाहिलं.

"हीच करेल," त्या म्हणाल्या. मी मुख्य सर्जन म्हणून करायची ती पहिलीच मोठी शस्त्रक्रिया. दीदी फक्त समोर उभ्या राहणार होत्या.

त्या सकाळी थिएटरमध्ये जाण्याआधी नवऱ्याचा फोन आला. आवाज दबका. "अगं, तिला पाळी आली. मी दुकानातून सगळं आणून दिलंय. तू बोल तिच्याशी."

लेक माझ्यापेक्षा शांत होती. "आई, मला माहितीये सगळं. तूच तर सांगितलं होतंस. थोडं पोट दुखतंय, बस."

"मी आज येऊ का, बाळा?"

"आज तुझं ऑपरेशन आहे ना? त्या काकू घाबरल्या असतील. तू रविवारी ये."

मी तोंडावर पाणी मारलं आणि आत गेले. त्या टेबलापाशी मला दुसरं काही आठवलंही नाही, हे खरं आहे. शेवटचा टाका घालून झाल्यावर दीदी एवढंच म्हणाल्या, "बाह्!" इतकी वर्षं ज्याची ओढ होती ते मिळालं होतं. आणि हातमोजे काढता काढता मला फक्त लेकीच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसायचं होतं.

रविवारी नागपूरला पोचले. दार तिनेच उघडलं. माझ्या खांद्यापर्यंत आली होती. मी जवळ घेऊन विचारायला लागले तर म्हणाली, "आई, ते झालं आता," आणि नव्या मैत्रिणींचे फोटो दाखवू लागली. सगळं नीट पार पडलं होतं, माझ्याशिवाय.

फेलोशिप पूर्ण झाली. आता मी नागपुरातच एका हॉस्पिटलात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करते. बाई डॉक्टर आहे म्हणून लांबून बायका येतात. बराकपूरची ती बाई ठणठणीत आहे, असं दीदी कळवतात. त्यांच्या शेजारी उभं राहायची फार आठवण येते.

लेक दहावीत आहे. दार लावून अभ्यास करते. कधी जेवायला हाक मारायला तिच्या दाराशी जाते, आणि आत त्या सकाळची, पोट दुखत असलेली मुलगी असावी, मला तिच्याजवळ बसता यावं, असं वाटत राहतं.