इनोबत खालांच्या दोन रोट्या

भिंतीवर उरलेली रोटी कुणाची, हे आमच्या शेजारच्या इनोबत खालांना कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही.

आमच्या कोकंद शहरात घरातलं माणूस लांब निघालं, की रोटीचा एक घास चावून जातं. उरलेली रोटी खिळ्याला टांगतात. ती त्यानेच परत येऊन संपवायची. खालांचा मुलगा ओदिल कोरियात कारखान्यात आहे. त्याची रोटी चार वर्षं टांगलेली होती.

वसंतात खालांच्या अंगणात एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. शंभर वर्षांपूर्वी नव्या पद्धतीच्या शाळा काढणाऱ्या शिक्षकाची गोष्ट. तो रोटी चावून घर सोडतो, परत येतच नाही, आणि तो मेल्याची बातमी कळल्यावर त्याची आई ती रोटी उतरवते. रोटी खालांनीच भाजली. नटाने घास घेतल्यावर जुनी दिसावी म्हणून ती कडक वाळवली. पण चावलेली रोटी टेबलावर पडलेली खालांना बघवेना. त्यांनी ती उचलून ओदिलच्या रोटीशेजारी टांगली.

शेवटच्या दिवशी खाला बाजारात होत्या. सामान सांभाळणाऱ्या बोतिरने एक रोटी उतरवली, आईचा प्रसंग चित्रित झाला, मंडळी ताश्कंदला गेली.

खालांनी फोन लावला. "कुठली उतरवलीस रे?"

"जुनी दिसत होती ती, खाला."

"दोन्ही जुन्याच दिसत होत्या, मेल्या! आता कुठाय?"

"कुस्करून कबुतरांना घातली."

मी म्हटलं, "खाला, परत न येणारा तो सिनेमातला शिक्षक. खोटा."

"घास तर खरा घेतला ना त्याने?"

माझी मुलगीही पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर चालली आहे; तीही घास चावूनच जाईल.

मग ओदिलला व्हिडिओ कॉल. फोन मी धरला, खालांनी रोटी धरली.

"आ कर."

"आई, जेवतोय मी."

"दात दाखव म्हणते ना!"

त्याने दाखवले. पुढचा दात त्याने तिकडेच नवा बसवून घेतला होता. रोटीवरच्या खुणेशी काहीच जुळेना.

कराराची आणखी दोन वर्षं वाढवू का, असं तो महिनाभर विचारत होता, आणि खाला जवळजवळ हो म्हणणार होत्या. आता म्हणाल्या, "आधी ये. ही खा, नवी चाव, मग जा."

"आणि ही माझी नसली तर?"

खालांनी हातातली रोटी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "तरी ये."

"तिकीट बघतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

"बघतो म्हणजे येतो ना गं?" खालांनी मला विचारलं.