सासूबाईंच्या अंगातलं बळ

मुलगी अडीच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांचं पीक नुकतंच आलं होतं. रजा वाढवून मागणं म्हणजे आपल्या हाताने आपली खुर्ची दुसरीला देणं. सासूबाई म्हणाल्या, "मी सांभाळीन की पोरीला." वय अडुसष्ट, पण विश्रांतवाडीहून कात्रजला रोज बस बदलून यायची तयारी. खरं सांगायचं तर त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं कधी.

नेमकं तेव्हाच आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी तपासणी शिबिर ठेवलं. मी सासूबाईंना नेलं आणि माझ्या आईलाही. आई निवृत्त शिक्षिका, पेठेतली. मी बौद्ध घरात लग्न केलं म्हणून दोन महिने माझ्याशी बोलली नव्हती. मग बोलायला लागली, पण विहिणीशी बोलताना मध्ये टेबल ठेवल्यासारखी बोलायची.

शिबिरात हाताची पकड मोजायचं एक मशीन होतं, मुठीत धरून दाबायचं. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. परीक्षा म्हटली की आईच्या अंगात वारं शिरतं. तिने दात-ओठ खाऊन मशीन दाबलं आणि गुडघे दुखत असताना उठबसही दामटून नेली. सासूबाईंनी मात्र मशीन अंडं धरावं तसं धरलं. काटा जेमतेम हलला. खुर्चीतून उठताना तर दर वेळी तपासणाऱ्या मुलीच्या तोंडाकडे बघून विचारत होत्या, "उठू?"

अहवाल आला. आई उत्तम. सासूबाईंच्या कागदावर, स्नायूंची ताकद कमी, पडण्याचा धोका, ओझं उचलू नये. तो मोजणीचा तक्ता कुठल्याशा परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांवरून बनवलेला होता, हे त्या मुलीनेच सांगितलं होतं. पण मी ते कानाआड केलं. छापील कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, अशा घरात वाढलेली मी!

नवरा चिडला. "अगं, माझी आई तीस वर्षं इस्पितळात आया होती. माणसं उचलायची ती."

"होती," मी म्हणाले. आज तो शब्द आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्हाला कशाला दगदग? पाळणाघर बघितलंय मी." त्या "बरं" म्हणाल्या आणि बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या. पुन्हा विषय काढला नाही.

रजेच्या शेवटच्या रविवारी दोघीही आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. नवरा कामासाठी बंगळुरूला. संध्याकाळी बाळाला घेऊन आम्ही तिघी खाली बागेत बसलो आणि वीज गेली. लोडशेडिंगच्या वेळा कधी कुणी पाळल्यात? लिफ्ट बंद, आमचं घर चौथ्या मजल्यावर.

बाळ सासूबाईंच्या खांद्यावर होतं. मी जीव मुठीत धरून त्यांच्या मागे, त्या पडल्या तर झेलायला. पडल्या कुठल्या! दुसऱ्या मजल्यावर बसली ती माझी आई. गुडघ्यांनी दगा दिला, पायरीवर फतकल मारली आणि काही केल्या उठता येईना. मी हाताला धरून ओढलं तर ओरडली, "अगं, हात उपटशील माझा!" मी एकोणतीस वर्षांची, आणि मला माझी आई तसूभर हलवता येईना. रडूच यायला लागलं.

सासूबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं. "तू ओढू नको. ओढून माणूस उठत नाही."

दोन पायऱ्या खाली उतरून त्या आईसमोर उभ्या राहिल्या. पाय रोवले, गुडघे वाकवले, आईच्या काखेखालून हात घातले. "ताई, माझ्या गळ्यात हात टाका."

आई क्षणभर थांबली. का थांबली ते मला कळलं, आणि सासूबाईंनाही कळलं असणार. मग तिने दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले.

"तीन म्हटलं की उठायचं."

आणि आई उठली! झटका नाही, धाप नाही. माझ्या आईचं अख्खं वजन त्या बाईने मांड्यांच्या जोरावर वर घेतलं. एवढीशी चणीची बाई. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मग आईला कमरेला धरून त्यांनी दोन मजले चढवलं, आणि वर गप्पाही चालूच, मंडईत भाजी कशी महागलीय वगैरे.

घरात आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, मग त्या दिवशी मशीन का नाही दाबलंत?"

त्या संकोचल्या. "अगं, परक्याचं महागाचं मशीन. मोडलं असतं म्हणजे? इस्पितळात साधा थर्मामीटर फुटला तरी पहिलं नाव माझंच यायचं. इथं तर तुझ्या नोकरीवर आलं असतं."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं, बाळाकडे पाहिलं आणि इतक्या हळू विचारलं की मला लाज वाटली. "मग उद्यापासून येऊ का मी?"

उत्तर आईने दिलं, सोफ्यावर पाय चोळत, तिच्या नेहमीच्या ठसक्यात. "अहो विहीणबाई, विचारता काय? आमच्या लेकीला माणसं मोजता येतात, उचलता येत नाहीत."